स्वधर्म आधीच ठरलेला असतो का?

पुण्यात बारावी झालेल्या एखाद्या मुलीला शिवाजीनगरच्या सीओईपीत अभियांत्रिकीला आणि पाषाणच्या आयसरमध्ये विज्ञानाला एकाच वेळी प्रवेश मिळू शकतो. दोन्ही संस्था एकाच शहरात, पण एक १८५४ सालची, चार वर्षांत अभियंता घडवणारी. दुसरी २००६ सालची, पाच वर्षांच्या बीएस-एमएसमधलं शेवटचं वर्ष संशोधन प्रकल्पाला देणारी. अभियांत्रिकी प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्मवर कॉलेजं एकाखाली एक लिहिता येतात, पण आयसर त्या फॉर्मवर नसतंच. मग घरी कागद घेऊन तक्ता मांडला जातो: फी, प्लेसमेंट, पीएचडीची वर्षं. तक्ता भरतो, प्रश्न तसाच राहतो. कोकणातलं घर असेल तर कुणीतरी देवाला कौल लावायचं सुचवतं. उजवी कळी पडली की होकार. तक्तेवाले या कौलाला हसतात खरे, पण दोघांची श्रद्धा एकच आहे. योग्य उत्तर कुठेतरी आधीच तयार आहे, ते फक्त हाती लागायचं आहे, असं दोघेही धरून चालतात. मला ही श्रद्धाच खोटी वाटते.

रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंनी यावर एक साधी कसोटी लावून दाखवली आहे. दोन्ही पर्याय खरोखर तोडीस तोड असतील, तर एकीकडची फी वर्षाला पाच हजारांनी उतरताच पारडं तिकडे झुकायला हवं. प्रत्यक्षात ते तसूभरही हलत नाही. म्हणजे दोन्ही पर्याय सारखे नाहीत, आणि त्यांतला एक सरसही नाही. यंत्र बनवता येणं आणि निसर्गाचा एखादा नियम उलगडणं यांना मोजणारं एकच माप नसतं. कोणतं माप लावायचं, हे निवडणाऱ्यानेच ठरवायचं असतं आणि त्याची जबाबदारीही त्यानेच घ्यायची असते.

यावर धार्मिक माणसाचा आक्षेप वजनदार आहे. स्वधर्म निवडायचा नसतो, तो वाट्याला आलेलाच असतो, असं विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगितलं. पण हेच विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. तिथेही एकीकडे हिमालय ओढत होता, दुसरीकडे बंगालची क्रांती. शेवटी ते पोचले अहमदाबादला, गांधींच्या आश्रमात. हा त्यांचा स्वधर्म होता हे आज आपण बिनदिक्कत म्हणतो. सुरतेच्या फलाटावर ते कुणाला सांगता आलं असतं? वाट्याला आलेलं काम आपलं आहे, हे त्यात आयुष्य घातल्यावर पटतं. गीतेतही कृष्ण अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर, असंच म्हणतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं, तर ही मुभा कशाला?

अठराव्या वर्षी कुणाला काय कळतं, हा दुसरा आक्षेप. कळत नाही, कबूल. पण ते आईबापांनाही कळत नाही. त्यांना फार तर कालचा नोकरीबाजार ठाऊक असतो. (जिथे फीच निर्णय करते तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि अशी घरं कमी नाहीत.) आणि निवड पुढे कुठे नेईल, हेही आधी दिसत नाही: बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी १९५८ साली पुण्याच्या याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. त्यावरून कुठेही गेलं तरी चालतं, असा सोयीचा निष्कर्ष मी काढणार नाही. अभियांत्रिकीचं शिक्षण त्यांच्या हातात राहिलं, त्याचं त्यांनी भौतिकशास्त्र केलं. दुसरीकडे गेले असते तर वेगळं काही केलं असतं, आणि तेही चूक ठरलं नसतं.

तेव्हा कौल लावायचा तर जरूर लावा, तक्ताही मांडा. पण सीट फ्रीझ करण्याआधी मुलीला एवढंच विचारा की यातल्या कोणत्या कामातले कंटाळवाणे दिवस काढायची तिची तयारी आहे, आणि तिचं उत्तर मध्ये न बोलता ऐकून घ्या.