चार ग्रॅम

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावात एकाचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉलीचे फाळके, औताची मोडतोड, मिरचीच्या पथारीवरच्या शेडचे सांगाडे, सगळं तिथं जोडलं जाई. गाव त्याला मामा म्हणे. त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा मात्र त्याचा सख्खा भाचा होता. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून आलेला, हात स्थिर, कामाला वाघ.

एका उन्हाळ्यात भंगारवाल्यानं सकाळीच टेम्पोतून तीन टाक्या आणून टाकल्या. एक घरगुती गॅसची लाल, एक काळी, एक गडद किरमिजी. एका शेतकऱ्याला लाल टाकीचा पाणी तापवायचा बंब करून हवा होता आणि शाळेसाठी काळ्या टाकीची घंटा करायची होती. किरमिजीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं; एवढं जाड लोखंड वाया का घालवा, इतकंच.

भाच्यानं लाल टाकीचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला, कान लावला, पुन्हा बंद केला आणि ग्राइंडर उचलला.

"मामा, टाकी खाली शे."

"तुले कसं कयनं?"

"आवाजच नाही."

"व्हॉल्व्ह गंजून बसला असला तरी आवाज येत नाही."

भाचा हटणारा नव्हता. टाकीच्या कड्यावर तिचं रिकामं वजन ठोकलेलं असतं. त्यानं टाकी खांद्यावर घेतली आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. वजन अगदी बरोबर भरलं. आता काय बोलाल, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मामानं खडू घेतला आणि दुकानाच्या लोखंडी दारावर हिशेब मांडला. 14.2 किलोच्या टाकीत पाणी भरलं तर ते साधारण 33 लिटर मावतं. स्वयंपाकाचा गॅस हवेत शंभरात दोन ते नऊ भाग इतका मिसळला की ठिणगीनं पेट घेतो. पाच भाग धरले तर 33 लिटरमध्ये दीड-पावणेदोन लिटर गॅस झाला. त्याचं वजन?

भाच्यानं आकडेमोड केली. चार ग्रॅमच्या आत-बाहेर. चहाच्या चमचाभर साखरेएवढं.

"किराणा दुकानाचा काटा हे चार ग्रॅम दाखवेल?" मामानं विचारलं.

मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. भरलेल्या टाकीला सगळेच घाबरतात, म्हणून तिच्याजवळ कुणी ग्राइंडर नेत नाही. तिच्या आत हवा नसल्यानं आतल्या आत काही पेटतही नाही. जोर संपलेल्या टाकीत मात्र उघड्या व्हॉल्व्हमधून हवा शिरते, उरलेल्या गॅसशी मिसळते आणि ठिणगीची वाट पाहत राहते. माणसं मरतात ती या ‘रिकाम्या’ टाकीनं.

भाचा गप्प झाला, पण पटलं नव्हतं. टाकी भिंतीच्या सावलीला टेकवून तो दुसऱ्या कामाला लागला. दुपारी सावली सरकली आणि टाकी उन्हात आली. संध्याकाळी ती हलवायला म्हणून त्यानं व्हॉल्व्हला हात लावला, तर बारीक फुस्स झालं आणि नाकात तोच उग्र वास शिरला. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळतात तो. तळाशी तेलकट गाळ उरलेला होता. उन्हानं त्याची वाफ झाली होती. कटरच्या ज्योतीनं काय झालं असतं, हे मग कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

उरलेल्या दोन टाक्यांविषयी त्यानं स्वतःहून विचारलं. किरमिजी टाकी ॲसिटिलिनची. तिच्या पोटात सच्छिद्र भराव असतो, तो ॲसिटोननं भिजलेला असतो आणि ॲसिटिलिन त्यात मुरलेला असतो. व्हॉल्व्ह कितीही वेळ उघडा ठेवा, ती पुरती रिती होत नाही. तिला कटर लावायचाच नाही. काळी टाकी ऑक्सिजनची असावी, पण रंग काय, कुणीही फासू शकतो. मामानं शिवडीची गोष्ट सांगितली. 14 जुलै 2010 ला मुंबईत हाजी बंदरावर वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरिनच्या टाक्यांतून गळती झाली आणि शंभराच्या आसपास माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या टाक्यांना तर कुणी ग्राइंडरही लावला नव्हता.

"मग पाणी भरून कापतात म्हणतात, ते?"

"ते खरं आहे," मामा म्हणाला. "आत काय होतं ते पक्कं ठाऊक असेल, मोकळ्या जागी गॅस सोडून दिला असेल, व्हॉल्व्ह काढलेला असेल, काठोकाठ पाणी भरून आतला गॅस बाहेर हुसकला असेल, तर. यातलं पहिलंच आपल्याकडे नाही. आणि लाल टाकी तर आपलीही नाही, भंगारवाल्याचीही नाही. ती कंपनीची."

दुसऱ्या दिवशी लाल टाकी गॅस एजन्सीत गेली, किरमिजी आणि काळी गॅस भरून देणाऱ्या पुरवठादाराकडे. भंगारवाल्यानं कुरकुर केली. मामानं टेम्पोचं भाडं स्वतः दिलं. शेतकऱ्याचा बंब नव्या पत्र्याचा झाला, थोडा महाग पडला. शाळेच्या घंटेला वेळ लागला. टाक्यांची तपासणी करणाऱ्या परवानाधारक केंद्रात बाद टाक्या चेपून किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत अशा कापून नष्ट कराव्या लागतात, तसा नियमच आहे. अशा कापलेल्या, दोन्हीकडून उघड्या तुकड्याची घंटा मामानं केली. त्या तुकड्यावर ग्राइंडर भाच्यानंच चालवला.

तुमच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कुणी जुनी टाकी घेऊन आलं, तर "खाली आहे" या शब्दावर ती कापू देऊ नका. घरगुती असेल तर एजन्सीत पोचवा, कारखान्याची असेल तर पुरवठादाराला कळवा. गॅसचा वास येत असेल तर 1906 या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.