कच्चे लिंबू

खेळात मनुष्याचा स्वभाव प्रकट होतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु खेळात त्याच्या श्रद्धेचीही परीक्षा होते काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारण्यास योग्य असे एक स्थळ अमेरिकेत आहे. तेथील कितीतरी गावांत उन्हाळ्याच्या संध्याकाळी निरनिराळ्या चर्चमंडळींचे संघ सार्वजनिक मैदानावर सॉफ्टबॉल खेळतात. एक संघ मेथडिस्टांचा, दुसरा बॅप्टिस्टांचा, तिसरा लुथरपंथीयांचा, चौथा एखाद्या कॅथलिक पॅरिशचा. दुकानदार, शिक्षक, सुतार, पन्नाशी ओलांडलेला हिशेबनीस, मिसरूड फुटू लागलेला पोरगा, असे दहा गडी मैदानात उतरतात. सामन्याच्या आधी वा नंतर उभय संघ एकत्र उभे राहून प्रार्थना करतात. पैसा कोणालाच मिळत नाही आणि कीर्ती गावच्या वेशीबाहेर जात नाही. प्रथमदर्शनी यात तत्त्वचिंतनाला विषय व्हावा असे काहीच दिसत नाही.

तथापि धर्म आणि खेळ यांचे सख्य हे काही जन्मजात नव्हे. इंग्लंडचा राजा जेम्स याने १६१८ साली रविवारच्या उपासनेनंतर काही खेळ खेळण्यास अनुमती देणारे फर्मान काढले, तेव्हा प्युरिटन लोक संतापले. पुढे १६४३ साली पार्लमेंटच्या हुकुमाने ते पुस्तक जाहीरपणे जाळण्यात आले. हीच वृत्ती अमेरिकेतही दीर्घकाळ टिकून राहिली. परंतु एकोणिसाव्या शतकात निराळा विचार बळावला: शरीर हेही देवाचेच देणे, तेव्हा त्याची जोपासना हा धर्माचाच भाग होय. १८४४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वाय. एम. सी. ए. या संस्थेने या विचाराला व्यायामशाळा मिळवून दिल्या. बास्केटबॉल १८९१ साली याच संस्थेच्या स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणकेंद्रात जन्मास आला. सॉफ्टबॉलचा जन्म मात्र निव्वळ गमतीत झाला. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका नौकाक्लबात तरुण मंडळी जमली असता कोणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो दांडक्याने टोलवला आणि जॉर्ज हॅन्कॉक यांना त्यात खेळ दिसला. हातमोजा बांधून चेंडू झाला, झाडूचा दांडा बॅट झाला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव मिळाले ते १९२६ साली, आणि तेही वाय. एम. सी. ए. च्याच एका कार्यकर्त्याकडून.

आता प्रश्नाकडे वळू. शेवटचा, म्हणजे सातवा डाव चालू आहे. बरोबरी साधण्यास एक धाव हवी आहे आणि पाळी आली आहे ती संघातील सर्वांत दुबळ्या गड्याची. बाकावर त्याच्याहून सरस खेळाडू बसलेला आहे. कप्तानाने काय करावे? इतरत्र हा केवळ डावपेचाचा प्रश्न ठरला असता. येथे तो तसा राहत नाही. कारण हे दहाही जण ज्या मंदिरातून आले, तेथे त्यांना असे शिकवलेले असते की ईश्वराची कृपा ही कमाई नव्हे. मनुष्य आपल्या कर्तृत्वाने तारला जात नाही, श्रद्धेनेच तो नीतिमान ठरतो, हा तर मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीचा कणा. रविवारी सकाळी ज्यांना योग्यतेवाचून एका बाकावर बसवले, त्यांना मंगळवारी संध्याकाळी योग्यतेनुसार उठवावयाचे, हा व्यवहार सुसंगत म्हणता येईल काय?

कप्तानाच्या बाजूनेही बोलता येते आणि ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. खेळ म्हटला की जिंकण्याची इच्छा आलीच. तिच्यावाचून खेळ म्हणजे नुसती हातापायांची हालचाल. जो जिंकण्यासाठी खेळत नाही तो प्रतिपक्षाचाही अवमान करतो, कारण समोरच्याने पणाला लावलेले श्रम तो कवडीमोल ठरवतो. शिवाय उरलेल्या नऊ जणांच्या उत्साहाचे काय? एकाला मान देण्यासाठी नवांचा हिरमोड करणे ही कसली नीती?

दुसरे टोक दयेचे. दुबळ्याला खेळू द्यावे, पण त्याच्यापुरता खेळ सैल करावा. प्रतिपक्षाने त्याचा झेल मुद्दाम सोडावा, पंचाने डोळेझाक करावी. आपल्याकडील मुलांच्या खेळात अशा गड्याला नावच आहे: कच्चे लिंबू. लहानग्याला खेळात घ्यावयाचे, पण त्याचे बाद होणे मोजावयाचे नाही. चार वर्षांच्या मुलाला ते गोड वाटते. आठव्या वर्षी तेच त्याला झोंबते, आणि घरात तो रडत येतो तो बाद झालो म्हणून नव्हे, तर बाद होऊनही कोणी बाद म्हटले नाही म्हणून. ज्याच्या चुकीची गणती होत नाही, त्याच्या यशाचीही होत नाही. पन्नाशीतल्या हिशेबनिसाला कच्चे लिंबू करणे म्हणजे त्याला संघात ठेवून खेळातून वगळणे होय. कप्तान त्याला बाकावर बसवील तर निदान उघडपणे बसवील. ही दया त्याला मैदानात उभे करून बसवते.

या दोन टोकांमधून निघणारी वाट या खेळाच्या नियमांतच दडलेली आहे. अशा लीगमध्ये बहुधा सॉफ्टबॉलचा संथ प्रकार खेळतात. त्यात चेंडू टाकणाऱ्याला तो वेगाने फेकताच येत नाही. हात खाली ठेवून, हवेत कमान काढून तो सोडावा लागतो. एका प्रमुख नियमावलीनुसार ती कमान जमिनीपासून निदान सहा फूट उंच गेली पाहिजे. सवलत आहे, पण ती सर्वांना सारखी. अनेक ठिकाणी हजर असलेल्या प्रत्येकाला क्रमाने बॅट मिळते. काही ठिकाणी उपासनेला येणाऱ्यालाच खेळता येते, म्हणजे केवळ जिंकण्यासाठी बाहेरून पटाईत गडी आणता येत नाही. कित्येक लीगमध्ये होमरनलाही मर्यादा असते. याचा मथितार्थ असा की, दया नियमात घालावी आणि मग खेळ निर्दयपणे खेळावा. मैदानावरचे स्थान कोणाला कमवावे लागू नये. धाव मात्र प्रत्येकाला कमवावीच लागावी.

नियमाने सर्व साधते, असे मात्र नाही. नियम हिशेबनिसाच्या हाती बॅट देईल. तो पुढे चालू लागताच मागून निघणारा सुस्कारा नियमाला थोपवता येत नाही. धार्मिक मंडळींच्या सामन्यांतच वाद अधिक, अशी थट्टा तेथेही केली जाते. आणि तिच्यात तथ्य असेल तर त्याचे कारण हेच की, प्रार्थनेने स्पर्धेची ईर्ष्या विझत नाही, फक्त तिला आपण धर्मनिष्ठ असल्याचा भास होतो.

धर्माच्या नावे संघ उभारण्याचा हा धोका आपल्याला परका नाही. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे संघ असत. १९४० साली गांधीजींनी या जातवार विभागणीला विरोध दर्शवला आणि १९४६ नंतर ते सामने कायमचे थांबले. त्याच स्पर्धेतील १९४३ सालचा एक डाव मात्र आपल्या प्रश्नाला भिडतो. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले आणि बडोद्याचे म्हणून नावाजलेले विजय हजारे ‘इतर’ संघाकडून हिंदूंविरुद्ध खेळत होते. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचे बंधू विवेक यांनी दुसरी बाजू धरून ठेवली. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली, त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. सामना तर ‘इतर’ संघ डावाने हरला. परंतु त्या २१ धावा कोणी दयेने दिलेल्या नव्हत्या. बाद होण्याचे भय त्यांनाही तेवढेच होते, आणि म्हणूनच त्या तीनशेंत त्यांचा वाटा खरा ठरतो. दुबळ्या बाजूचे मोल धावांच्या आकड्याने ठरत नाही. पण ती बाजू खऱ्या जोखमीने लढवली गेली पाहिजे.

तेव्हा त्या कप्तानाला सांगावयाचे ते एवढेच. पाळी ज्याची असेल त्यालाच खेळू द्यावे. त्याच्याकडून धावेची अपेक्षा धरावी, कारण अपेक्षा धरणे हाही मानच आहे. प्रतिपक्षाने त्याचा झेल जिवापाड धावून घ्यावा. तो बाद झाला तर पंचाने मोठ्याने बाद म्हणावे. आणि पुढच्या आठवड्यात त्याची पाळी येईल तेव्हा, सामन्याची स्थिती कशीही असो, कोणी न सुस्कारता बॅट त्याच्या हाती द्यावी.