जय कशास म्हणावे?

सारा गाव विरुद्ध उठला तरी देवावर भाव ठेवावा, म्हणजे तो जय देईल, असे आम्ही उपदेशात वारंवार सांगतो. यहोशाफाट राजावर मोठे सैन्य चालून आले, तेव्हा त्याने गाणारे पुढे ठेविले आणि परमेश्वराने युद्ध केले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाव ठेवूनही हार झाली, तर काय म्हणावे? भाव खोटा होता, की वचन खोटे ठरले? अंधेरी-मुलुंडाकडील चाळीत असो की दूरच्या खेड्यात, ज्या घरी एकटाच मनुष्य प्रभूचा झाला आहे, तेथे हा प्रश्न उभा राहतोच.

ह्याविषयी मुंबईची एक खरी हकीकत विचारात घेऊ. सन १८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनात बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा भाऊ श्रीपत हाही मिशनरी नेसबिट साहेबांच्या घरी राहिला होता. शहरात मोठी खळबळ उडाली. बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली, आणि मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्यास बापाच्या हवाली केले. नारायणरावांचा भाऊ गेला.

येथे शत्रू कोण होता? तो फारो नव्हे, तर पुत्रवियोगाने व्याकूळ झालेला बाप होता. त्याचे दुःख खरे होते. आणखी असे की, श्रीपतास शुद्ध करून जातीत घ्यावे म्हणून ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हा त्यांच्यावरही सनातनी मंडळी उलटली. म्हणजे पुष्कळांचा विरोध सोसणारा मनुष्य त्या पक्षातही होता. ह्यावरून आम्ही हे शिकावे की, लोक आम्हांविरुद्ध आहेत एवढ्यावरून देव आमच्याकडे आहे असे सिद्ध होत नाही, आणि विरोध करणारा प्रत्येक जण देवाचा वैरी ठरत नाही.

पुढे सन १८५४ मध्ये नारायणरावांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नंतर ते निजामाच्या मुलखात जालन्यास गेले, आणि तेथे जवळच त्यांनी बेथेल हे गाव वसविले. ज्या मांग लोकांची सावलीही त्यांची जात टाळीत असे, त्यांच्या सेवेत त्यांनी आयुष्य घालविले. बेथेल ही श्रीपताची भरपाई होय, असे आम्ही म्हणणार नाही. माणसाची भरपाई माणसाने होत नाही. परंतु जन्माचा अभिमान आणि मनाची कटुता ह्यांवर त्यांना जय मिळाला, आणि तो कोणतेही कोर्ट हिरावून घेऊ शकत नव्हते. वधस्तंभाच्या दिवशी सायंकाळी आमच्या प्रभूचीही हारच दिसत होती.

ह्यास्तव उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. नव्या विश्वासणाऱ्यास घरच्यांनी दार बंद केले किंवा पाणवठा तोडला, तर ‘चार महिन्यांत सारे वळतील’ असे वचन त्यास देऊ नका. ते देवाने दिलेले नाही. देव त्यास टाकणार नाही, एवढे निश्चयाने सांगा. त्याच्या न्याय्य हक्कासाठी त्याच्याबरोबर उभे राहा. आणि त्या घरी कोणी आजारी पडले, तर त्यास विचारपूस करावयास पाठवा. दार उघडले नाही, तरी तो गेला हाच त्याचा जय होय.