खाणीतला पक्षी

वणी तालुक्यातल्या राजूरला दोन रंगांची धूळ आहे: कोळसा खदानीची काळी आणि चुनाभट्ट्यांची पांढरी. गावाला लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. महाकाय प्राण्यांचे जपानी चित्रपट मी आवडीने पाहत आलो. पण १९५६चा ‘रादोन’ मला कळला तो राजूर डोळ्यांसमोर ठेवून पाहिला तेव्हा. तो सुरूच होतो कोळशाच्या खाणीत.

सगळ्यांना ठाऊक असतो तो १९५४चा ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. सप्टेंबरमध्ये त्यांतला एक दगावला. नोव्हेंबरमध्ये गोजिरा पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमाची राखरांगोळी पाहून आले होते. म्हणून रबरी पोशाखातला माणूस लुटुपुटूचं तोक्यो तुडवतो, तरी हसू येत नाही.

‘रादोन’ही होंडांचाच. क्युशू बेटावरच्या खाणीत, खूप खोलवर, बोगद्यात पाणी शिरतं. एका कामगाराचं प्रेत सापडतं. जखमा धारदार शस्त्राच्या वाटाव्यात अशा. त्याचं ज्याच्याशी भांडण झालेलं, तो गोरो बेपत्ता. झालं, तोच खुनी ठरतो! त्याच्या बहिणीला, कियोला, हा बोल सोसावा लागतो. खरा मारेकरी असतो खालच्या थरांतून निघालेला राक्षसी किडा. आणि हे किडे ज्याचं भक्ष्य, तो रादोन त्याच अंधारात अंडं फोडून बाहेर येतो.

रादोनच्या पंखांच्या वाऱ्याने फुकुओकाची छपरं उडतात, ते दृश्य गाजलं. मला मात्र गोरोवर आलेला आळ जास्त अस्वस्थ करतो. खाणीत माणूस मेला की आधी शेजारच्या माणसाकडे बोट जातं. त्याचं भांडण, त्याची दारू, त्याची बेपर्वाई निघते. इतकं खोल जायचं कुणी ठरवलं, हे विचारायचं राहून जातं. होंडाही ते विचारत नाहीत, ही माझी तक्रार आहे. पक्षी आकाशात झेपावला की खाणवस्ती मागेच पडते.

पुढे क्युशूवरच्याच मिइके खाणीत ९ नोव्हेंबर १९६३ रोजी स्फोट होऊन ४५८ माणसं गेली. स्फोट कोळशाच्या धुळीचा होता. आपल्याकडे चासनाल्याला २७ डिसेंबर १९७५ रोजी खाणीत पाणी घुसलं आणि साडेतीनशेहून अधिक कामगार बुडाले. धूळ आणि पाणी. दोन्हींना ना चोच, ना पंख. योशिमित्सु बान्नो यांनी १९७१मध्ये गाळाला आणि धुराला देह देऊन ‘हेदोरा’ उभा केला. कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून तो धूर ओढतो. चित्रपट विस्कळीत आहे, पण काळ्या-पांढऱ्या धुळीच्या गावाला ते दृश्य समजावून सांगावं लागणार नाही.

‘रादोन’मध्ये त्या पक्ष्याचा जन्म प्रत्यक्ष पाहणारा एकच जण आहे, खाणीतला शिगेरू. दरड कोसळते, तो वाचतो, पण त्याची स्मृती जाते. एके दिवशी पिंजऱ्यातल्या चिमुकल्या पक्ष्याचं अंडं त्याच्यासमोर तडकतं आणि त्याला सगळं आठवतं. मग प्राध्यापक आणि अधिकारी त्याला घेऊन खाली उतरतात. तो पुढे, ते मागे.