चुकून

गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी लिहिलेली एक पुस्तिका गेल्या वर्षी मी इंग्रजीतून मराठीत आणत होते. विषय होता स्वतःहून घेतलेलं विष. पहिल्याच पानावर 'इंटेन्शनल' या शब्दापाशी अडले. हेतुपुरस्सर, जाणूनबुजून, मुद्दाम... जो शब्द घ्यावा त्याला पंचनाम्याचा वास. पुढे 'प्रयत्न फसला' हेही नकोसं वाटलं. माणूस वाचला तर फसलं काय?

विषाला तर बोलीत विष म्हणतच नाहीत. कपाशीवर मारायचं ते 'औषध', आणि सुनेने घरात भांडण झाल्यावर घेतलं तेही 'औषध'. मी हैदराबादला राहते. इथे तेलुगूत त्याला 'पुरुगुल मंदु' म्हणतात, किड्यांचं औषध. औषध आणि विष या दोहोंसाठी एकच ग्रीक शब्द आहे, त्यावर फ्रेंच तत्त्वज्ञांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. एम. ए.ला ते वाचताना फार थोर वाटलं होतं. आमच्या आजोळी तो श्लेष गोठ्याच्या फळीवर ठेवलेला असे.

माझ्या धाकट्या मावशीने मी शाळेत असताना औषध घेतलं. ती वाचली. सगळ्यांना सांगायचं ठरलं ते असं: खोकल्याचं समजून चुकून घेतलं. पोलिसांच्या जबाबातही तेच लिहिलं गेलं, कारण तेव्हा कलम ३०९ खाली जगलेल्या माणसावर गुन्हा दाखल होई. थोडं कळू लागल्यावर मला या खोटेपणाचा राग यायचा. वाटायचं, तिच्या दुःखावर या लोकांनी खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी चिकटवली.

पुस्तिकेच्या निमित्ताने श्रीलंकेबद्दल वाचलं आणि त्या रागाला पहिला तडा गेला. १९९५च्या सुमारास तिथे लाखामागे सुमारे ४७ आत्महत्या होत. जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी हा एक, आणि त्यात शेतीच्या विषांचा वाटा मोठा. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली. २०१५पर्यंत दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. भाताचं उत्पादन घटलं नाही. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. विष घेऊन रुग्णालयात येणारे लोक त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. लोक येत राहिले, फक्त बरेच जण घरी परत गेले. आणि अशा प्रसंगातून वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

मग त्या आधीच्या वर्षांत जे गेले, त्यांचा हेतू मरण्याचा होता आणि जे पुढे वाचले त्यांचा नव्हता, असं म्हणायचं का? माणसं तशीच, भांडणं तीच, कर्जंही तीच. बदललं ते फळीवरच्या बाटलीतलं द्रव्य. काम्यूने 'सिसिफसचं मिथक'ची सुरुवातच आत्महत्येच्या प्रश्नाने केली. पण त्याच्या डोळ्यांपुढचा माणूस जगण्याचा हिशेब मांडून बसलेला आहे. विष घेणाऱ्यांशी बोललेले डॉक्टर सांगतात की विचार आणि कृती यांत पुष्कळदा काही मिनिटांचंच अंतर असतं. तेवढ्यात हिशेब कुठला मांडून होतो!

एक मित्र म्हणाला, ही मलमपट्टी आहे. विष हटवलंत, दुःख तिथेच. खरं आहे, कर्ज आणि नवऱ्याची मारहाण बंदीने संपत नाही. पण दुःखावर काही करायचं तर ते माणूस जिवंत असतानाच करता येतं, हे त्याला पटवायला मला बराच वेळ लागला. दुसरं असं, की आपण ही जबाबदारी लगेच घरावर टाकतो: बाटली कुलपात ठेवा, लक्ष ठेवा. श्रीलंकेत ९० गावांत घरोघरी कुलूपबंद पेट्या देऊन पाहिल्या, त्याने फरक पडला नाही. फरक पडला तो जहाल माल दुकानातच न येण्याने. म्हणजे प्रश्न आईच्या जागरूकतेचा कमी आणि परवाना देणाऱ्याच्या सहीचा जास्त.

कायदा आपल्याकडेही हलला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरलं आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. पुस्तिकेच्या मागच्या पानावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. मावशीच्या वेळी मागच्या पानावर फौजदार होता.

काम संपत आलं तेव्हा मावशीला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "मावशी, तेव्हा तुला नक्की काय करायचं होतं गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काही करायचं नव्हतं बाई. ते भांडण थांबायला पाहिजे होतं. हातात ते आलं." जरा थांबून म्हणाली, "चुकूनच की ते."

मी तिच्यावर खोटं लादलं गेलं असं मानत होते, आणि तिच्यापाशी याहून नेमका शब्द नव्हता. तिला तेव्हा ऐकून घेणारं कुणी हवं होतं, ही माझी तक्रार आजही आहे. पण 'चुकून'वरचा राग गेला.

पुस्तिकेत मी 'मुद्दाम' खोडून 'स्वतः घेतलेले विष' एवढंच ठेवलं. संपादकांनी समासात विचारलं आहे: मुळातला हेतू कुठे गेला? त्यांना अजून उत्तर पाठवलेलं नाही.