प्रादेशिक विमानसेवा : तोटा कोणाच्या पदरी?

मोठी विमान कंपनी आणि लहान शहरांना सेवा देणारी प्रादेशिक कंपनी यांच्या नात्यात मुख्य प्रश्न जोखमीच्या वाटणीचा असतो. दीड-दोनशे आसनांचे विमान लहान शहरातून भरत नाही. सत्तर-पंच्याहत्तर आसनांचे भरू शकते. पण तेही केवळ जवळच्या महानगराला जाणाऱ्यांवर चालत नाही. तिथून पुढे दिल्ली, दुबई किंवा लंडन गाठणारा प्रवासी त्याला लागतो. हा प्रवासी आणायचा कोणी आणि तो आला नाही तर रिकाम्या आसनांचा भुर्दंड सोसायचा कोणी, यावर सेवेचे आयुष्य ठरते.

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतूक नियंत्रणमुक्त झाल्यावर या प्रश्नाचे उत्तर करारांतून निघाले. वेळापत्रक, भाडे आणि तिकीटविक्री मोठ्या कंपनीकडे. विमान उडवण्याचे काम लहान कंपनीकडे. बहुतेक करारांत लहान कंपनीला ठरलेल्या उड्डाणांचे ठरलेले पैसे मिळतात. आसने रिकामी राहिली तर तोटा मोठीचा. दुसऱ्या प्रकारात प्रवाशाचे एकूण भाडे दोघी वाटून घेतात आणि जोखीमही वाटली जाते. स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीची विमाने अशाच करारांखाली डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांच्या रंगांत उडतात. वैमानिक संघटनांनी मात्र या व्यवस्थेला मर्यादा घातली आहे : मोठ्या कंपन्यांसाठी अशी सेवा देणारी विमाने सहसा ७६ आसनांपलीकडे जात नाहीत.

या व्यवस्थेची दुखरी बाजूही आहे. लहान कंपनीकडे स्वतःचा ग्राहक नसतो. करार संपला की धंदाच संपतो. खर्चकपातीचा ताण वैमानिकांच्या पगारावर येतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोसळलेले विमान कॉन्टिनेन्टलच्या नावाने उडत होते, पण चालवत होती कोलगन एअर ही लहान कंपनी. ५० जण दगावले. त्यानंतर २०१० च्या कायद्याने विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक केले.

भारतात हे नाते आधी सरकारी घरातले होते. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून १९८१ मध्ये वायुदूत काढली. तोट्यात गेल्यावर १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये सामावून घेण्याचा निर्णय झाला. १९९६ मध्ये त्याच सरकारी घरात अलायन्स एअर आली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तिची तिकिटे एअर इंडियापासून स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली.

केंद्र सरकारच्या उडान योजनेने तिसरी वाट धरली. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करायची, त्या पैशांतून प्रादेशिक मार्गांचा तोटा भरून काढायचा, मार्गावर तीन वर्षांची मक्तेदारी द्यायची आणि बदल्यात काही आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपयांवर रोखायचे. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. ट्रूजेट या प्रादेशिक कंपनीचे एटीआर विमान तिथे उडू लागले. २०२२ मध्ये ट्रूजेटच थांबली. २०२४ मध्ये स्टार एअर ही दुसरी प्रादेशिक कंपनी नांदेडला आली ती ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ घेऊन. हेच विमान अमेरिकेत मोठ्या कंपनीच्या नावाने आणि हमीवर उडते. इथे ते स्वतःच्या हिमतीवर उडते.

याचा अर्थ प्रवाशाच्या बाजूने पाहिला की कळतो. हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही; कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याच्या माणसाला नांदेडच गाठावे लागते. नांदेडहून हैदराबाद आणि पुढे दुबई असा प्रवास त्याने दोन वेगळ्या तिकिटांवर केला, तर हैदराबादला बॅग पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचे, पुन्हा काउंटरवर द्यायची. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुबईचे तिकीट बुडाले आणि दुसरी कंपनी त्याला बांधील नाही. मग शहाणा माणूस आदल्या रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतो. नांदेडच्या विमानातले एक आसन रिकामे राहते.

अनुदानाने आसनाची किंमत भरली, जोड मात्र घालून दिली नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षे पुरी केली आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत ५४ टिकले. कारणे अनेक आहेत : अपुरे विमानतळ, विमानांची चणचण, गजबजलेल्या विमानतळांवर न मिळणाऱ्या वेळा. पण अनुदान संपल्यावर मार्ग तगायचा तर पुढचा प्रवासी हवाच, आणि तो मोठ्या कंपनीच्या हातात आहे.

इंडिगोने स्वतःची एटीआर विमाने घेतली, म्हणजे मोठ्या कंपनीला छोटीची गरज नाही, असे म्हणता येईल. पण स्वतःच्या विमानांचे मार्ग ती स्वतःच्या नफ्याप्रमाणे निवडते. तिने सोडलेली शहरे छोट्या कंपन्यांच्याच वाट्याला येतात. अमेरिकेसारखे करार सक्तीने लादले तर छोट्या कंपन्या मांडलिक होतील, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्हणून सक्ती मालकीची वा रंगाची नको, जोडणीची हवी. अनुदानित मार्गावरील प्रवाशाला एकाच तिकिटावर पुढे नेणे, त्याची बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत पाठवणे आणि भाड्याची अंतरानुसार वाटणी करणे, या अटी मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या मोक्याच्या वेळा देताना मोठ्या कंपन्यांना घालता येतात. मोठ्या कंपन्या या मार्गांसाठी पैसे आजही मोजतातच. त्यात त्यांचे ग्राहकही जोडले गेले, तर अनुदानाची मुदत संपताच मार्ग बंद पडण्याचे एक मोठे कारण उरणार नाही.