जपून ठेवलेलं

आषाढ सरत आला की कोकणातल्या घराघरांत कपाट उघडताच कुबट वास येतो. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा बुरा, रेशमी साडीच्या घडीवर पिवळे ठिपके, लग्नासाठी शिवलेल्या कोटाच्या कॉलरवर हिरवट डाग. रोजचे कपडे बहुधा सुटतात, कारण त्यांना पाणी, हात आणि वारा लागतो. बुरशी धरते ती आपण जपून ठेवलेल्या कपड्यांना.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना दाराबाहेर थोपवता येत नाही. हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा खेळली नाही, की ते रुजतात. जुलै-ऑगस्टात मुंबई, रत्नागिरी, पणजीला ती ऐंशीच्या पुढेच असते. कपड्यातली खळ, घामाचा अंश, चामडं हे सगळं त्यांचं खाद्य. त्यात कपाट गच्च भरलेलं आणि ओल येणाऱ्या भिंतीला चिकटलेलं असेल, तर वेगळं आमंत्रण लागत नाही. डांबराच्या गोळ्या कसरीला आवरतात, बुरशीला नाही. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर त्या ठेवूच नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी त्यांनी फुटू शकतात.

उपाय अवघड नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, खळ काढून मगच कपडे ठेवावेत, उघडीप मिळेल तेव्हा दारं सताड उघडून पंखा लावावा. बुरा चढलाच तर कपडे बाहेर नेऊन झटकावेत, धुऊन खडखडीत वाळवावेत. फळ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसून कोरड्या होऊ द्याव्यात. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. भिंतीतच गळती असेल तर आधी ती बुजवायला हवी, नाहीतर पुसणं वाया.

पण हे सगळं करतं कोण? बहुतेक घरांत ते कामवाल्या मावशींच्या वाट्याला येतं. बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता त्या फळ्या झाडतात आणि उडालेला बुरा त्यांच्या छातीत जातो. साठवण आपली आणि खोकला त्यांचा, हा अन्याय आहे. निदान मास्क, हातमोजे आणि उघडी खिडकी ही आपली जबाबदारी.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. वास जात नाही असं दिसलं की तेच कपडे आपण ‘कुणाला तरी देऊन टाकू’ म्हणतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा पुरातून सावरणाऱ्या, अंगावरच्या कपड्यांनिशी उरलेल्या माणसाच्या हाती दमट, डागाळलेलं कापड पडलं, तर त्याला त्यातून आपली किंमत कळते. जे आपण अंगाला लावणार नाही ते दुसऱ्याला देणं म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणं. दान द्यायचं ते वस्तू धड असताना.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला दानाचा दिवस मानतात, आणि तो येतो वैशाखात, कडक उन्हात, पावसाच्या महिनाभर आधी. येत्या अक्षय्य तृतीयेला कपाट रिकामं करा. वर्षभरात न वापरलेलं स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि पाऊस लागायच्या आत योग्य हातात पोचवा.